हॉकआइजचा ऑफेन्स: ब्रायन गेला, पण पास अजून चालत नाही

(२०२५ च्या सुरुवातीच्या गप्पा. विषय: आयोवा विद्यापीठाची हॉकआइज ही अमेरिकन फुटबॉल टीम.)

रोहन: क्वार्टरबॅक (पास फेकणारा) ग्रोनोव्स्की आयोवात आल्यापासून जो तो म्हणतोय, ऑफेन्सचा, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या बाजूचा, प्रश्न सुटला. मला नाही पटत. २०२४ मध्ये १३ मॅचमध्ये ३६० पॉइंट झाले, सरासरी २७.७. त्याआधीच्या वर्षी १४ मॅचमध्ये २१६, म्हणजे १५.४. सुधारणा मोठी आहे, पण ती जवळजवळ सगळी रनची, म्हणजे चेंडू धरून पळण्याची. पासचे यार्ड मॅचमागे १३० च्या आसपासच अडकलेत. मोठ्या कॉन्फरन्समधल्या टीमला हे शोभत नाही.

अनिलकाका: बरोबर. आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) केलेब जॉन्सन आता एनएफएलला, व्यावसायिक लीगला, चालला. १,५३७ यार्ड आणि २१ रशिंग टचडाउन (पळत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) एका पोराच्या पायावर होते. ते वजा केले तर काय उरतं ते बघा.

सुधाआत्या: अनिल, ते २५ पॉइंटच्या अटीचं प्रकरण याच टीमचं ना? कोच आपल्या मुलालाच ठेवून होता ते?

अनिलकाका: हो, तेच. कर्क फेरेंट्झ १९९९ पासून हेड कोच. मुलगा ब्रायन २०१७ पासून ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर, म्हणजे डावपेच ठरवणारा कोच. नात्याचा नियम आड येऊ नये म्हणून कागदावर ब्रायनचा साहेब म्हणजे ॲथलेटिक डायरेक्टर, विद्यापीठाच्या खेळांचा प्रमुख. २०२२ चा ऑफेन्स इतका वाईट गेला की करार बदलला. मूळ पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाख, आणि २०२३ मध्ये सरासरी २५ पॉइंट व किमान ७ विजय झाले तरच करार पुढे. ३० ऑक्टोबर २०२३ ला, सीझन चालू असतानाच, प्रभारी डायरेक्टर बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की सीझन संपल्यावर ब्रायन राहणार नाही.

शिल्पाताई: ती अट मुळातच चुकीची होती. डिफेन्सने आणि स्पेशल टीमने (किकच्या वेळी उतरणाऱ्या) केलेले पॉइंटही त्यात धरायचे होते. सप्टेंबर २०२२ ची साउथ डकोटा स्टेटची मॅच आठवा. आयोवा ७-३ ने जिंकली. ते ७ कुठून आले? एक फील्ड गोल (किकचे ३ पॉइंट) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच टोकाच्या पट्ट्यात धरल्याचे २-२). म्हणजे ४ पॉइंट डिफेन्सचे. असे पॉइंट मोजून ऑफेन्स सुधारला का ते कसं कळणार? यार्ड, थर्ड डाउन (१० यार्ड जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसरा) आणि चेंडू किती वेळा गमावला, हे धरायला हवं होतं.

रोहन: आणि त्या दिवशी समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक ग्रोनोव्स्कीच होता. त्याच सीझनला ते एफसीएसचे (कॉलेज फुटबॉलच्या खालच्या स्तराचे) चॅम्पियन झाले, पुढच्या वर्षी पुन्हा.

सुधाआत्या: मग २०२३ मध्ये १० मॅच जिंकल्या कशा?

अनिलकाका: कोच फिल पार्कर यांचा डिफेन्स आणि टोरी टेलरची लाथ. १४ मॅचमध्ये समोरच्यांनी मिळून २०७ पॉइंट केले, सरासरी १४.८. आपले १५.४. इतक्या थोड्या फरकावर १०-४! मेलबर्नच्या टेलरने त्या सीझनला ९३ पंट (चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्याला देणं) मारले, ४,४७९ यार्ड, एका सीझनचा एनसीएए (कॉलेज खेळांची संस्था) विक्रम. नॉर्थवेस्टर्न १०-७, इलिनॉय १५-१३, नेब्रास्का १३-१०, अशा मॅच काढल्या. पण चांगला ऑफेन्स समोर आला की संपलं. पेन स्टेट ०-३१, मिशिगन ०-२६, टेनेसी ०-३५. तिन्ही वेळा भोपळा.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की मूळ कर्कच्या विचारात आहे. चेंडू गमवायचा नाही, पंट करायचा, समोरच्याने चूक करेपर्यंत थांबायचं. असा हेड कोच असला की कोऑर्डिनेटर कुणीही आणा, तो हात आखडूनच खेळणार.

शिल्पाताई: काका, हे अर्धंच खरं आहे. २०२४ ला ब्रायनच्या जागी लेस्टर आला तेव्हाही कर्कच होते, आणि वॉशिंग्टनला ४०, नॉर्थवेस्टर्नला ४०, विस्कॉन्सिनला ४२ घातले. मग बदललं काय? रन तोच, वाइड झोन. फक्त तो दाखवायची पद्धत बदलली.

आत्या, वाइड झोनमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनचे (पुढच्या, अडवणाऱ्या फळीचे) पाचही जण एकाच दिशेला आडवं पाऊल टाकून सुरुवात करतात. ठरलेल्या माणसाला मारायचं नसतं, आपल्या वाटच्या जागेत जो येईल त्याला अडवायचं. दोघं मिळून समोरच्या टॅकलला (डिफेन्सच्या पुढच्या फळीतल्या मधल्या खेळाडूला) सरकवतात, मग त्यातला एक सुटून मागच्या लाइनबॅकरवर जातो. रनिंग बॅक टाइट एंडच्या (लाइनच्या टोकाचा, अडवणारा आणि पासही झेलणारा) बाहेरच्या बाजूचा रोख धरून पळतो आणि डिफेन्सकडे बघत राहतो. कड मोकळी असेल तर बाहेरून, नाहीतर एकच वळण घेऊन आत, किंवा अगदी मागच्या बाजूला. दोन वळणं घेतली की धरला गेलाच.

बिघडतं कुठे? पळण्याच्या उलट बाजूच्या गार्डला (लाइनमधल्या आतल्या खेळाडूला) समोरच्या टॅकलपुढे वेळेत पोचता आलं नाही की तो टॅकल थेट बॅकफील्डमध्ये, लाइनच्या मागे. २०२२ आणि २०२३ ला लाइनमध्ये हे सारखं होत होतं. पहिल्या डाउनला १ यार्ड, दुसऱ्याला २, मग तिसऱ्याला ७. आता पास येणार हे सगळ्या स्टेडियमला कळतं.

रोहन: आणि ब्रायनच्या वेळी फॉर्मेशन (उभं राहायची रचना) स्नॅपपर्यंत, म्हणजे चेंडू खेळात येईपर्यंत, जवळजवळ हलायचंच नाही. डिफेन्सला मोजायला हवा तेवढा वेळ. आठ जण लाइनजवळ आणून उभे करायचे. लेस्टर २०२३ ला एनएफएलच्या पॅकर्समध्ये होता, हेड कोच लाफ्लरच्या हाताखाली. तिथून त्याने मोशन आणलं. स्नॅपच्या आधी रिसीव्हर (पास झेलणारा) एका बाजूकडून दुसरीकडे पळवला की दोन गोष्टी कळतात किंवा होतात. एखादा डिफेंडर त्याच्या मागे पळाला तर बहुतेक वेळा मॅन कव्हरेज (एकाने एकाला राखणं), नुसते जागेवर सरकले तर झोन (जागा राखणं). आणि कडेचा डिफेंडर त्या पळणाऱ्याकडे एक क्षण जरी बघत राहिला तरी त्याची गॅप (राखायची फट) उशिरा भरते. जॉन्सनला तेवढी फट पुरायची.

सुधाआत्या: म्हणजे रन सुधारला. मग पास का नाही? रन चालला की पास सोपा होतो असं तूच सांगायचास ना अनिल?

अनिलकाका: सोपा व्हायला हवा. त्यासाठी क्वार्टरबॅकला पाय हवेत. या पद्धतीचा मुख्य पास म्हणजे बूटलेग. लाइन डावीकडे वाइड झोनसारखी सरकते, क्वार्टरबॅक डिफेन्सकडे पाठ करून चेंडू दिल्याचा आव आणतो आणि उजवीकडे एकटा बाहेर पळतो. त्याच्यासमोर तीन टप्प्यांवर माणसं येतात: जवळ टाइट एंड, मध्ये आडवा पळणारा, वर लांबचा. पण त्या बाजूच्या एंडला (डिफेन्सच्या कडेच्या खेळाडूला) मुद्दाम कुणी अडवत नाही. तो फसला नाही तर थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर. चपळ पोरगा त्याला चुकवतो. २०२३ ला क्वार्टरबॅक मॅकनमाराचा गुडघा ३० सप्टेंबरला मिशिगन स्टेटविरुद्ध गेला आणि डीकन हिल आला. हात दणकट, पण देह जड. बूट खेळायची सोयच राहिली नाही, म्हणजे निम्मी प्लेबुक (ठरलेल्या चालींची वही) बंद.

रोहन: २०२४ ला मॅकनमारा परत आला, पण पायावर पूर्वीचा भरवसा दिसत नव्हता. चेंडू उशिरा सुटायचा. रिसीव्हर वळला की चेंडू हवेत असायला हवा. हा तो मोकळा झालेला बघून मग फेकायचा. तोवर कॉर्नरबॅक (रिसीव्हरला राखणारा) पोचलेला. पुढे सुलिव्हन आला, तो पळणारा. यूसीएलएच्या मॅचमध्ये त्याला लागलं आणि स्ट्रॅटनवर वेळ आली. नेब्रास्काविरुद्ध पहिल्या हाफमध्ये एकही फर्स्ट डाउन नाही, म्हणजे एकदाही १० यार्ड पुरे नाहीत! जॉन्सनने छोटा पास घेऊन ७२ यार्डांचा टचडाउन केला आणि स्टीव्हन्सने ५३ यार्डांवरून किक मारली म्हणून पुन्हा १३-१० ने सुटलो.

शिल्पाताई: आता माझा मुद्दा. क्वार्टरबॅकवर सगळं ढकलून चालणार नाही. रिसीव्हर टिकत नाहीत, ही जुनी जखम आहे. चार्ली जोन्स २०२१ ला इथे होता, मुख्यतः किक परत आणायला. पास झेलले २१. पर्ड्यूला गेला आणि २०२२ मध्ये ११० पास झेलून १,३६१ यार्ड केले. पोरगा तोच, वर्ष एकच मधलं. ट्रेसी पर्ड्यूलाच गेला, कीगन जॉन्सन कॅन्सस स्टेटला, ब्रूस ओक्लाहोमा स्टेटला. शाळेतला चांगला रिसीव्हर हे सगळं बघतो. त्याला चेंडू मिळणार नाही हे दिसत असेल तर तो इथे का येईल? हे दुखणं एका क्वार्टरबॅकने बरं होणार नाही.

अनिलकाका: हे मान्य. पण शिल्पा, चेंडू मिळत नाही तो कर्कच्याच धोरणामुळे ना?

शिल्पाताई: काही अंशी हो. म्हणून मी लेस्टरकडून तीन गोष्टी बघणार. पहिल्या डाउनला, १० यार्ड हवे असताना, वाइड झोनच्याच फॉर्मेशनमधून प्ले-ॲक्शन, म्हणजे रनचा आव आणून पास. तिसऱ्या डाउनपर्यंत थांबलं की सेफ्टी (इथे, सगळ्यात मागचा डिफेंडर) फसतच नाही. दुसरं, तीन पावलांचे झटपट पास, स्लँट (तिरपी धाव) आणि हिच (थांबून वळणं), म्हणजे लाइनला दोन-अडीच सेकंदच धरावं लागतं. तिसरं, मोशननंतर त्याच माणसाला अधूनमधून खरंच चेंडू द्यायचा. दिलाच नाही तर चार मॅचनंतर त्याच्याकडे कोण बघेल?

रोहन: यात ग्रोनोव्स्की बसतो. बूटवर एंडला चुकवेल, आणि कुणीच मोकळं नसेल तर स्वतः पाच-सहा यार्ड काढेल. थर्ड अँड फोरला (तिसरा डाउन, ४ यार्ड हवे) डिफेन्सला त्याच्यासाठी एक माणूस राखून ठेवावा लागेल. तेवढा एक रिसीव्हर सुटा होतो.

सुधाआत्या: आणि खांद्याचं ऑपरेशन झालंय म्हणता तो हाच का?

रोहन: हाच. स्प्रिंगच्या सरावात फेकता येणार नाही.

शिल्पाताई: तेच मला सगळ्यात जास्त खुपतंय. झटपट पास क्वार्टरबॅक आणि रिसीव्हरच्या पावलांच्या मेळावर चालतो, मीटिंगमध्ये फिल्म बघून तो मेळ बसत नाही. स्प्रिंगचे पास ऑबर्नहून आलेला दुसरा क्वार्टरबॅक हँक ब्राऊन फेकेल. ग्रोनोव्स्कीला उन्हाळ्यात रिसीव्हरना घेऊन स्वतःहून मैदानात उतरावं लागेल आणि ऑगस्टच्या कॅम्पमध्ये बाकीचं. तोवर त्याने किमान प्रोटेक्शनच्या (कोण कुणाला अडवेल त्याच्या) हाका आणि मोशनची नावं पाठ केलेली हवीत.

अनिलकाका: आणि लाइन? मला त्याच्या खांद्याइतकीच ती काळजी आहे.

शिल्पाताई: लाइन आता अनुभवी आहे काका, त्या बाबतीत २०२२ सारखी स्थिती नाही. सप्टेंबरमध्ये आयोवा स्टेटविरुद्ध पहिल्या डाउनला किती पास टाकतात ते मोजूया. गेल्या वर्षी ती मॅच एका पॉइंटने घालवली, १९-२०.