व्याजदर कपात झाली आणि बाजार पडला, असं का?

दशांश
सगळीकडे एकच नियम वाचायला मिळतो: दर घटले की शेअर वर, दर वाढले की खाली. आता १८ डिसेंबर २०२४ बघा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, पाव टक्का कपात केली आणि त्याच दिवशी तिथला एस अँड पी ५०० हा शेअर निर्देशांक जवळजवळ ३ टक्के घसरला. उलट २०२३ मध्ये जुलैपर्यंत दरवाढ चालूच होती, तरी त्या वर्षात हाच निर्देशांक २४ टक्के वाढला. मग नियमच चुकीचा, की मधल्या पायऱ्या गाळून सांगितला जातो? आणि एखाद्या कंपनीवर दराचा परिणाम किती, हे मोजायचं झालं तर ताळेबंदात नेमकं कुठे बघायचं? आकड्यांत उत्तर मिळालं तर उत्तम.

रोखेबहाद्दर
नियम अर्धवट सांगितला जातो. बाजार हलतो तो अपेक्षेपेक्षा वेगळं घडलं तर. बैठकीआधी स्वॅप आणि फ्युचर्समध्ये (पुढच्या दरावर केलेल्या सौद्यांत) पाव टक्का कपातीची शक्यता ८० टक्के धरलेली असेल, तर २५ पैकी २० बेसिस पॉइंट (१ बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग) आधीच भावात आलेले असतात. कपात झाली तर नवी बातमी फक्त ५ बेसिस पॉइंटची. टळली तर मात्र २० बेसिस पॉइंटचा उलटा दणका. बर्नांकी आणि कटनर या अर्थतज्ज्ञांच्या २००५ च्या अभ्यासात हेच मोजलंय: पाव टक्क्याची अनपेक्षित कपात झाली की व्यापक निर्देशांक साधारण १ टक्का वाढतो. अपेक्षित कपातीला म्हणण्यासारखा प्रतिसाद नाही.

डिसेंबर २०२४ ची कपात सगळ्यांनी धरूनच ठेवली होती. गोम होती सोबत आलेल्या अंदाजांत. सप्टेंबरमध्ये फेडच्या सदस्यांच्या अंदाजांचा मध्यक (मधला आकडा) २०२५ साठी एकूण १ टक्का कपात दाखवत होता, डिसेंबरमध्ये तो अर्ध्या टक्क्यावर आला. आजचा दर पाव टक्का उतरला, पण वर्षभरानंतरचा अपेक्षित दर चढला. शेअरच्या भावात दुसराच आकडा जास्त मोजला जातो.

आणखी एक पायरी बहुतेक जण गाळतात. मध्यवर्ती बँकेच्या हातात थेट असतो तो एका रात्रीचा दर. शेअरचं मूल्यांकन होतं १० वर्षांच्या सरकारी रोख्याच्या यील्डवरून (आजच्या भावाला मिळणाऱ्या परताव्यावरून), आणि ती ठरवते रोखेबाजार. सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये फेडने एकूण १ टक्का दर कापला. त्याच काळात १० वर्षांची यील्ड ३.७ च्या आसपास होती ती चढत जाऊन जानेवारीच्या मध्यावर ४.८ टक्क्यांजवळ पोहोचली. धोरण सैल, पण लांब मुदतीचा पैसा महाग.

ताळेबंद
आकडे मागितलेत म्हणून दोन गणितं.

पहिलं मूल्यांकनाचं. पुढच्या वर्षीची मोकळी रोकड (खर्च आणि गुंतवणूक भागवून उरणारी) १० रुपये, कायमची वाढ ५ टक्के, गुंतवणूकदाराला हवा असलेला परतावा ११ टक्के. मूल्य = १० ÷ (०.११ − ०.०५) = १६७. परताव्याची अपेक्षा १२ टक्के झाली की मूल्य १४३, म्हणजे १४ टक्के घट. आता वाढ ८ टक्के धरा: ३३३ वरून २५०, घट २५ टक्के. ज्या कंपनीची कमाई लांबच्या वर्षांत दडलेली आहे तिला दरातल्या त्याच एका टक्क्याचा फटका जास्त. २०२२ मध्ये फेडने दर ०–०.२५ वरून ४.२५–४.५० वर नेला, तेव्हा एस अँड पी ५०० सुमारे १९ टक्के पडला आणि टेक कंपन्यांनी भरलेला नॅसडॅक ३३ टक्के.

दुसरं कर्जाचं. व्याजापूर्वीचा नफा १००, कर्ज ५००, दर ८ टक्के. व्याज ४०, करपूर्व नफा ६०. दर अडीच टक्के वाढले. सगळं कर्ज बदलत्या दराचं असेल तर व्याज १२.५ ने वाढतं आणि नफा ४७.५ वर येतो, २१ टक्के घट. निम्मं कर्ज स्थिर दराचं असेल तर नफा ५३.७५, घट १० टक्के. त्यामुळे वार्षिक अहवालात एकूण कर्ज बघून थांबू नका. टिपांमध्ये व्याजदर जोखमीचा परिच्छेद शोधा: बदलत्या दराचं कर्ज किती, दर ५० किंवा १०० बेसिस पॉइंट हलला तर नफ्यात किती फरक, हे बहुतेक मोठ्या कंपन्या तिथे देतात. मग पुढच्या १२ ते २४ महिन्यांत फेडीला येणारं कर्ज बघा. स्थिर दर असला तरी मुदत संपली की नव्या दरानेच उचलावं लागतं. दरवाढ नफ्यात उशिरा दिसते त्याचं एक कारण हे.

बँकांचं गणित वेगळं. कर्जं धोरणदराला (मध्यवर्ती बँक ठरवते त्या दराला) बांधलेली असतील तर कपात झाल्यावर त्यांचा दर लगेच उतरतो, पण घेतलेल्या मुदत ठेवींवर जुनंच व्याज मुदत संपेपर्यंत द्यावं लागतं. मधल्या काही तिमाहींत व्याजातलं अंतर आक्रसतं. "कपात म्हणजे बँकांची चांदी" हे सरसकट म्हणणं भाबडं आहे. भरपाई होते ती रोख्यांच्या नफ्यातून: सुधारित ड्युरेशन (यील्ड हलली की भाव किती हलतो त्याचं माप) ५ असलेल्या रोख्याची यील्ड १ टक्का उतरली की भाव साधारण ५ टक्के चढतो. वाढत्या दरात हेच उलटं होतं. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली ती लांब मुदतीच्या रोख्यांतला तोटा आणि ठेवी काढायला लागलेली रीघ एकत्र आल्यामुळे.

मंदीवाला
कपात *का* झाली हे कुणी विचारलंच नाही. ३ जानेवारी २००१ ला फेडने बैठक नसताना अचानक अर्धा टक्का कापला. त्या दिवशी नॅसडॅक १४ टक्के उडाला. वर्षभरात दर ६.५० वरून १.७५ वर आले आणि तरी एस अँड पी ५०० ने ते वर्ष १३ टक्के घटीत संपवलं. सप्टेंबर २००७ मध्ये कपात सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये निर्देशांकाने शिखर गाठलं आणि तिथून मार्च २००९ पर्यंत ५७ टक्के आपटला. दर तोवर शून्याला टेकले होते. नफाच ढासळत असेल तर ताळेबंद यांच्या भागाकारातला छेद (परतावा वजा वाढ) लहान करून किती उपयोग? १९९५ मध्ये मात्र मंदी नसताना, महागाई आटोक्यात ठेवून दर हळूहळू उतरवले, आणि बाजार जोरात चालला. पहिल्या दिवसाची उसळी बघून सगळ्या चक्राचा अंदाज बांधू नये.

विषुववृत्त
ताळेबंद यांच्या पहिल्या गणितात एक खोच आहे. परताव्याची अपेक्षा वाढवली आणि रोकडीची वाढ तशीच ठेवली. दर महागाईमुळे चढत असतील तर विक्रीचे आकडेही फुगतात, छेदातला फरक तेवढा बदलत नाही. खरा घाव बसतो वास्तव दर (महागाई वजा करून उरणारा) वाढला की. २०२२ मध्ये तेच झालं: अमेरिकेच्या महागाईशी निगडित १० वर्षांच्या रोख्याची यील्ड वर्षाच्या सुरुवातीला उणे १ च्या आसपास होती, वर्षअखेरीला अधिक दीडच्या. शिवाय बर्नांकी-कटनर यांचाच निष्कर्ष असा की शेअरची प्रतिक्रिया मुख्यतः जोखमीच्या मोबदल्यातल्या (जोखीम घेण्यासाठी मागितलेल्या जादा परताव्यातल्या) बदलातून येते, वास्तव दराचा थेट वाटा थोडा. कायमची ८ टक्के वाढ हे तर फक्त वहीत चालतं!

ताळेबंद
मान्य. ८ टक्के संवेदनशीलता दाखवण्यापुरते, खऱ्या मूल्यांकनात १० वर्षांनंतर वाढ खाली आणावीच लागते.

दशांश
पटलं. मग पतधोरणाच्या दिवशी शेअर पडला, तर तो दराच्या भीतीने पडला की मंदीच्या, हे ओळखायचं कसं?

रोखेबहाद्दर
यील्ड शेजारी ठेवून. शेअर खाली आणि यील्ड वर: दराची भीती. दोन्ही खाली: वाढ खुंटण्याची भीती, पैसा रोख्यांत पळतोय. दोन्ही वर: अर्थव्यवस्थेबद्दल विश्वास. शेअर वर, यील्ड खाली: धोरण अपेक्षेपेक्षा सैल.

बैठकीआधी २ आणि १० वर्षांची यील्ड टिपून ठेवा. निवेदन आल्यावर मागच्या निवेदनाशी ओळीओळीने ताडून बघा: भूमिकेचा शब्द बदलला का, मतं कशी फुटली, महागाई आणि विकासाचे अंदाज कुठे सरकले. मग पत्रकार परिषद संपेपर्यंत थांबा, कारण पहिल्या १५ मिनिटांची चाल तिथल्या एका वाक्याने उलटते. त्यानंतर २ वर्षांची यील्ड खाली आणि १० वर्षांची वर दिसली, तर रोखेबाजाराला ही कपात महागाईच्या किंवा सरकारी उधारीच्या दृष्टीने घाईची वाटतेय, असं समजायला जागा आहे. गृहबांधणी, वीज, पायाभूत सुविधा असे कर्जावर उभे असलेले शेअर अशा दिवशी कपात होऊनही मार खाऊ शकतात.

मंदीवाला
त्यात चलनही धरा. ३१ जुलै २०२४ ला बँक ऑफ जपानने दर फक्त ०.२५ टक्क्यावर नेला. स्वस्त येन उसना घेऊन बाहेर गुंतवलेला पैसा परतायला लागला, त्यात २ ऑगस्टला अमेरिकेची रोजगाराची आकडेवारी मऊ आली, आणि ५ ऑगस्टला जपानचा निक्केई निर्देशांक एका दिवसात १२.४ टक्के पडला. अशा दिवशी वरची शेअर-यील्डची चौकट वापरू नका. उधारीवर घेतलेले सौदे सक्तीने सुटत असताना आधी विकलं जातं ते जे विकता येतं ते. ३-४ दिवस भाव स्थिरावले की मग यील्डशी ताडून बघा.