कृत्रिम रीफवरची पहिली डाइव्ह: जहाजाच्या आत जावे का, आणि ही खरोखर रीफ असते का?

निळाई (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे ओपन वॉटर डायव्हरचे, म्हणजे पहिल्या पातळीचे, प्रमाणपत्र आहे आणि आजवरच्या माझ्या सगळ्या डाइव्ह नैसर्गिक प्रवाळांवर, उथळ आणि बऱ्यापैकी शांत पाण्यात झालेल्या आहेत. येत्या हंगामात उष्ण समुद्रातील एका कृत्रिम रीफवर जाण्याचा विचार आहे. वाळूच्या सपाट तळावर एक जुने जहाज मुद्दाम बुडवलेले आहे; त्याचा तळ ३० मीटरवर, मुख्य डेक २२ मीटरवर आणि डोलकाठीचे टोक १२ मीटरवर आहे, असे डाइव्ह केंद्राने कळवले आहे.

माझ्या मनात तीन शंका आहेत. टोक १२ मीटरवर असल्यामुळे माझे सध्याचे प्रमाणपत्र पुरेसे आहे, असे केंद्राचे म्हणणे आहे; ते कितपत ग्राह्य धरावे? दुसरे म्हणजे, जाहिरातीतील छायाचित्रांत लोक जहाजाच्या बोळांतून सहज पोहत जाताना दिसतात; माझ्यासारख्याने आत जाणे योग्य आहे का? आणि तिसरी शंका जरा वेगळी आहे. भंगारात काढायचे जहाज समुद्रात टाकून त्याला रीफ म्हणणे, ही केवळ विल्हेवाटीची सोय तर नव्हे ना?

जुना नाखवा

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देतो, तिसरे जाणकारांवर सोडतो.

डाइव्हची खोली ठरवताना जहाजाच्या टोकाकडे पाहू नये. तुमचे लक्ष जिथे खेचले जाणार आहे तिथे पाहावे. १२ मीटरवर डोलकाठी आहे, पण पाहण्यासारखे सारे डेकवर, म्हणजे २२ मीटरवर आहे, आणि ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटरची आहे. नैसर्गिक रीफचा उतार बहुधा हळूहळू खाली जातो आणि डायव्हरला आपण किती उतरलो याचा अंदाज राहतो. जहाजाची भिंत मात्र सरळ उभी असते. तिच्या कडेने पोहताना एखादा मासा दिसला म्हणून जरा खाली वाकावे आणि खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर पाहावे, तर पाच मीटर नकळत गेलेले असतात. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाला टाकीतली हवाही चौपट खर्च होते. प्रचलित मनोरंजन-डाइव्ह तक्त्यांपैकी एकानुसार १८ मीटरवर, वर येताना थांबे घेण्याची सक्ती न होता, ५६ मिनिटे मिळतात, ३० मीटरवर अवघी २०. शिवाय या खोलीवर अनेकांना नायट्रोजनची गुंगी जाणवू लागते, आणि तिचा पहिला परिणाम असा की माणसाला आपण अगदी ठणठणीत आहोत असे वाटते.

टोकाच्या आकड्याने फसगत कशी होते, याचे ठळक उदाहरण फ्लोरिडातील पेन्साकोलाजवळ १७ मे २००६ रोजी बुडवलेल्या ‘ओरिस्कनी’ या विमानवाहू नौकेचे आहे. तिच्या मनोऱ्याचा माथा साधारण २५ मीटरवर आहे, त्यामुळे प्रगत प्रमाणपत्र असलेला डायव्हर तिथे खुशाल पोहोचतो. पण ज्यासाठी सारे जातात तो उड्डाणाचा डेक सुरुवातीलाच सुमारे ४१ मीटरवर होता, म्हणजे मनोरंजन-डायव्हिंगच्या ४० मीटरच्या मर्यादेच्या पलीकडे. आणि २००८ च्या गुस्ताव चक्रीवादळानंतर जहाज आणखी सुमारे तीन मीटर खचले. तेव्हा तुम्ही आधी प्रगत अभ्यासक्रम करावा आणि त्यातील खोल डाइव्ह तुमच्या केंद्राच्या जहाजावर प्रशिक्षकासोबत घ्यावी. प्राणवायूने समृद्ध केलेली हवा, म्हणजे नायट्रॉक्स, वापरायला शिकून घेतल्यास २२ मीटरवर मिळणारा वेळ चांगलाच वाढतो. फक्त ३२ टक्के प्राणवायूच्या मिश्रणाची खालची हद्द साधारण ३३ मीटर असते, हे विसरू नये.

आता आत जाण्याविषयी. शिरतानाच दुसऱ्या टोकाचा उजेड स्वच्छ दिसतो, दोघे शेजारी-शेजारी मावतील इतकी रुंदी आहे आणि वाट सरळ आहे, अशा मोकळ्या भागातून मार्गदर्शकामागे जाणे ही एक गोष्ट; आणि जिथे वळण घेताच उजेड नाहीसा होतो अशा बोळात शिरणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्या प्रकारासाठी वेगळे प्रशिक्षण, बाहेरून बांधून नेलेली मार्गदर्शक दोरी, एक मुख्य आणि दोन राखीव विजेऱ्या, आणि हवेच्या वापराचा एक-तृतीयांशाचा नियम, म्हणजे एक भाग जाताना, एक येताना आणि एक संकटासाठी, हे सगळे लागते. तुम्ही सध्या त्या वाटेला जाऊ नये.

छायाचित्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे गाळ. जहाजाच्या आतल्या फरशीवर पिठासारखा बारीक थर बसलेला असतो आणि फिन्सचा एक उभा फटकारा त्याला उठवायला पुरेसा होतो. तेवढ्यावरच भागत नाही. तुमच्या श्वासाचे बुडबुडे छताला लागतात आणि तिथल्या गंजाचे पापुद्रे सुटून खाली येऊ लागतात, म्हणजे तुम्ही निश्चल राहिलात तरी पाणी गढूळ होतेच. विजेरीचा झोत त्या तांबूस धुक्यात हातभर अंतरावर विरतो.

जहाज बुडवण्यापूर्वी दारे काढतात, भिंतींना भगदाडे पाडतात, लोंबत्या तारा कापतात, हे खरे आहे. परंतु जहाज ठेवले तसे राहतेच असे नाही. फ्लोरिडातील ‘की लार्गो’ बेटाजवळची ‘स्पीगल ग्रोव्ह’ ही १५५ मीटर लांबीची नौका मे २००२ मध्ये ठरल्या वेळेच्या आधीच उलटी होऊन बुडू लागली आणि तिचा पुढचा भाग पाण्यावर राहिला; पुढच्या महिन्यात तिला पूर्ण बुडवले तेव्हा ती उजव्या कुशीवर पडली, आणि २००५ च्या डेनिस चक्रीवादळाने तिला सरळ उभे केले. कुशीवर पडलेल्या जहाजात दारे खालच्या बाजूला खड्ड्यांसारखी उघडतात आणि बोळाची उंची ही त्याची रुंदी होऊन बसते. म्हणून केंद्राच्या भिंतीवर टांगलेल्या जुन्या नकाशापेक्षा त्याच हंगामात आत जाऊन आलेल्या मार्गदर्शकाचा शब्द अधिक मोलाचा मानावा.

शेवाळ

तिसऱ्या शंकेचे उत्तर ‘कधी होय, कधी नाही’ असे आहे, आणि ते जहाज कोणी, कशाचे, कुठे आणि किती साफ करून बुडवले यावर अवलंबून आहे.

वाळूचा सपाट तळ हा सागरी जीवांसाठी घरांची टंचाई असलेला प्रदेश आहे. प्रवाळांच्या, स्पंजांच्या, शिंपल्यांच्या अळ्या पाण्यातून वाहत असतात, पण सरकत्या वाळूवर त्यांना बूड टेकता येत नाही. तिथे एखादा कठीण पृष्ठभाग आला की काही तासांतच त्यावर जिवाणूंचा चिकट थर धरू लागतो, त्यावर शेवाळ येते, मग बार्नेकल, हायड्रॉइड, स्पंज आणि शेवटी, परिस्थिती अनुकूल असेल तर, प्रवाळ. मासे मात्र एवढी वाट पाहत नाहीत. त्यांना आडोसा हवा असतो, म्हणून ते कधीकधी पहिल्याच दिवशी हजर होतात. यावरूनच एक जुना वाद चालत आला आहे, की कृत्रिम रीफ नवे मासे निर्माण करते, की आसपासचे मासे केवळ एका जागी गोळा करते? याचे उत्तर मासा कोणता आणि जागा कोणती यानुसार बदलते. म्हणून पहिल्या वर्षीच माशांचे थवे दाखवून ‘समुद्र पुन्हा समृद्ध झाला’ असे कोणी सांगत असेल, तर ते सावधपणेच ऐकावे.

विल्हेवाटीला रीफचे नाव दिल्याने काय होते, हे फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेलजवळच्या ऑस्बोर्न रीफवर दिसले. १९७० च्या दशकात तिथे सुमारे २० लाख जुने टायर नायलॉनच्या पट्ट्यांनी आणि पोलादी चिमट्यांनी बांधून टाकले गेले. बांधणी गंजून आणि झिजून तुटली, टायर सुटे झाले आणि वादळांत फिरत जवळच्या खऱ्या प्रवाळांवर आदळू लागले. हलत्या, लवचीक रबरावर प्रवाळ धरले नाहीत ते नाहीतच, उलट होते ते मोडले. आणि ते टायर वर काढण्याचे काम पुढे कित्येक वर्षे करावे लागले. त्या मानाने जड, स्थिर, खडबडीत पृष्ठभागाचे काँक्रीट कितीतरी चांगले. ताजे काँक्रीट फार अल्कधर्मी असते, म्हणून काही ठिकाणी मुद्दाम कमी अल्कधर्मी मिश्रण वापरतात.

जहाजांत तेल, ॲस्बेस्टॉस, जुने रंग आणि तारांच्या आवरणातील पीसीबी ही रसायने असतात. ती काढण्याचा खर्च मोठा असतो, आणि काम खरे की दिखाऊ हे तिथेच कळते. केंद्राला विचारायचेच असेल तर बुडवण्यापूर्वी हे सारे काढले होते का, हा प्रश्न अवश्य विचारा.

पाण्यात गेल्यावर स्वतः पाहायचे असेल, तर संपूर्ण जहाज पालथे घालण्याऐवजी कठड्याचा एक वीतभर तुकडा निवडा आणि काही मिनिटे तिथेच तरंगत राहा. वरच्या, उजेडाकडील बाजूला शेवाळाची लव आणि तीत अडकलेली वाळू दिसेल. त्याच कठड्याच्या खालच्या सावलीत, जिथे गाळ बसत नाही, तिथे स्पंजांचे रंगीत लपके असतात, आणि कधी ट्यूबास्ट्रिया नावाचे नारिंगी प्रवाळही. या प्रवाळाला उजेड लागत नाही, कारण त्याच्या शरीरात अन्न बनवणारी शैवाले नसतात. हिंदी आणि प्रशांत महासागरांत ते मूळचे रहिवासी आहे, अटलांटिकमध्ये मात्र आगंतुक. म्हणजे तोच सुंदर गुच्छ एका समुद्रात शुभचिन्ह आहे आणि दुसऱ्या समुद्रात डोकेदुखी. लायनफिश या विषारी काट्यांच्या माशाचेही तसेच. मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर भागात कृत्रिम रीफवर त्यांची दाटी नैसर्गिक रीफपेक्षा अधिक आढळली आहे.

उधाण

शेवाळ यांच्या मांडणीत एक बाजू सुटली आहे, असे मला वाटते. कृत्रिम रीफने मासे वाढवले की नुसते गोळा केले, हा एकच निकष लावणे बरोबर नाही. शिकाऊ डायव्हरचे गुडघे, फिन्स आणि लोंबते गेज (हवेचा दाब दाखवणारे मापक) यांनी नैसर्गिक प्रवाळांची जी मोडतोड होते, ती पोलादावर किंवा काँक्रीटवर वळवता आली, तरी तो लाभच आहे. मेक्सिकोत कान्कूनजवळ २००९ पासून जे पाण्याखालचे शिल्पसंग्रहालय उभे राहिले, त्यामागे हाच विचार होता. तिथे पाचशेच्या आसपास शिल्पे असून बराचसा भाग इतका उथळ आहे, की नवख्यालाही तो धास्तीशिवाय पाहता येतो.

माझा आक्षेप मासेमारीवर आहे. आडोशाला जमलेला मासा पकडणे फार सोपे असते, म्हणून जिथे कृत्रिम रीफवर मुक्त मासेमारी चालते तिथे ती आसरा न राहता सापळा होते. फ्लोरिडात गोलिआथ ग्रूपर, म्हणजे हेकरूच्या कुळातला तो अजस्र मासा, प्रजननकाळात बुडालेल्या जहाजांभोवती जमतो. १९९० मध्ये त्याच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली, आणि ती नसती तर त्याच्या जमण्याच्या ठरावीक जागाच त्याच्या मुळावर आल्या असत्या.

निळाई, तुमच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा, की अशा जहाजांवर तुटलेले गळाचे दोर जागोजाग अडकलेले असतात आणि पारदर्शक दोर पाण्यात दिसत नाही. दोर कापायचे लहान साधन छातीजवळ, दोन्ही हातांना पोहोचेल असे लावा. पोटरीला बांधलेला मोठा सुरा ऐटबाज दिसतो, पण पायच अडकला असेल तर तो हाती लागत नाही.

निळाई

सर्वांचे आभार. प्रगत अभ्यासक्रम आधी करायचा आणि आत शिरायचे नाही, हे निश्चित केले. आणखी दोन गोष्टी विचारतो. पाणी २८ अंशांच्या आसपास असते म्हणे. मग पूर्ण वेटसूटची खरोखर गरज आहे का, आणि गंजलेल्या पत्र्यांसाठी हातमोजे घ्यावेत का? आणि प्रवाह असल्यास नैसर्गिक रीफपेक्षा काय वेगळे करावे लागते?

जुना नाखवा

३ मिलिमीटरचा पूर्ण अंगाचा सूट घ्या. तो थंडीपेक्षा हायड्रॉइडसाठी हवा. पिसासारखे दिसणारे हे जीव दोरांवर आणि कठड्यांवर दाट वाढतात आणि उघड्या पोटरीला लागले की दिवसभर आग होते. हातमोज्यांवर अनेक संरक्षित क्षेत्रांत बंदी असते, कारण हात झाकले की माणूस सर्रास धरत सुटतो. बंदी नसेल तिथेही ते केवळ उतरायच्या दोरासाठी वापरावेत. धनुर्वाताची लस चालू आहे ना, एवढे मात्र घरून निघण्यापूर्वी पाहा. लायनफिशचा किंवा दगडासारख्या दिसणाऱ्या स्कॉर्पियनफिशचा काटा लागलाच, तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, बुडवून ठेवतात आणि डॉक्टरकडे नेतात. गरम पाण्याचा थर्मास बोटीवर आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

प्रवाहाचे म्हणाल तर नैसर्गिक रीफवर आपण पुष्कळदा त्याच्यासोबत वाहत जातो आणि बोट मागून येते. इथे एकच वस्तू आहे आणि तिच्याभोवती नुसती वाळू, त्यामुळे जहाज सुटले की डाइव्ह संपली. म्हणून तरंडाला बांधलेल्या दोरानेच उतरावे आणि त्याच दोराने वर यावे. तळाशी पोहोचल्यावर जहाजाच्या आडोशाच्या बाजूला राहावे. पुढे जायचे ते प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे परतीच्या वेळी, हवा कमी असताना, प्रवाह तुम्हाला दोराकडे आणून सोडतो. टाकीत किती हवा उरली असता परत फिरायचे, तो आकडा बोटीवरच जोडीदाराशी ठरवून घ्या. ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा दोर धरून घ्यावा. आणि दोर सापडलाच नाही तर शोधत बसू नये, खुणेचा फुगा वर सोडून वाळूपासून दूर, उथळ पाण्यात वाहत थांबा पूर्ण करावा. हा फुगा सोडण्याचा सराव अभ्यासक्रमातच मागून घ्या, कारण पुष्कळ प्रशिक्षक तो पाहून झाल्यासारखा उरकतात.

पाण्यात उडी मारल्यावर दोर धरलेला असतानाच शरीर झेंड्यासारखे आडवे होत असेल, तर त्या दिवशी खाली जाऊ नका. मार्गदर्शक ‘जमेल, चला’ म्हणाला तरीही.