मदत हवी आहे: विकायचाच नसलेला खेळाडू विकताना क्लब किंमत कशी ठरवतो?

टाइनकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी न्यूकॅसल युनायटेडचा पाठीराखा. शिक्षणासाठी त्या शहरात राहत होतो, तेव्हापासून हा क्लब मनात बसला तो बसलाच. १६ मार्च २०२५ ला वेम्ब्लीवर लिव्हरपूलला २-१ हरवून आम्ही लीग कप जिंकला. इंग्लंडमधली मोठी स्पर्धा जिंकायला ७० वर्षं लागली होती. त्या अंतिम सामन्यातला दुसरा गोल आमचा फॉरवर्ड (गोल करणारा पुढचा खेळाडू) अलेक्झांडर इसाकचा. सहा महिने पुरे व्हायच्या आत तोच इसाक त्याच लिव्हरपूलमध्ये गेला.

तो गेल्याचं दुःख आहेच, पण मला त्यातला व्यवहार समजून घ्यायचा आहे. १ ऑगस्टला लिव्हरपूलची ११ कोटी पौंडांची बोली न्यूकॅसलने फेटाळली. १ सप्टेंबरला, खिडकी (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत) बंद व्हायच्या दिवशी, १२.५ कोटींना सोडला. ब्रिटिश क्लबने मोजलेली ही विक्रमी रक्कम. मधल्या काळात इसाक आशिया दौऱ्यावर आला नाही, संघाबरोबर सराव केला नाही, लीगचे पहिले तीन सामने खेळला नाही. त्या तीन सामन्यांत आम्हाला दोन गुण मिळाले.

माझे प्रश्न असे:

द्यायचाच होता, तर ऑगस्टच्या सुरुवातीला का नाही दिला? आणि द्यायचा नव्हता, तर शेवटच्या दिवशी का दिला? त्याचा करार २०२८ पर्यंत होता. तीन वर्षं हातात असताना क्लबला नमतं का घ्यावं लागतं? दीड कोटी जास्त मिळाले ते महिनाभराच्या नुकसानीला पुरे होते का?

बातम्यांत आकडे भरपूर मिळतात, त्यामागचा हिशोब कुणी मांडत नाही. जाणकारांनी कृपया मदत करावी.

मिडफिल्डर

उत्तर इसाकमध्ये शोधू नका. त्याच्या जागी कोण येणार होतं ते बघा.

कॅलम विल्सनचा करार संपून तो गेला होता. ह्युगो एकिटिके न्यूकॅसलला हवा होता, तो लिव्हरपूलने नेला. बेन्यामिन शेश्कोसाठी प्रयत्न केले, तो मँचेस्टर युनायटेडला गेला. अशा वेळी ११ कोटी घेतले असते तर पैसे बँकेत आणि गोल करायला कुणीच नाही, अशी गत झाली असती. पुढे विंगर (कडेने खेळणारा) अँथनी गॉर्डनला मध्ये खेळवावं लागलं, ते तुम्ही पाहिलंच आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तुमच्या खात्यात ११ कोटी आलेत आणि तुम्हाला फॉरवर्डची निकड आहे, हे युरोपातल्या प्रत्येक क्लबला कळलं की समोरचा भाव वाढवतोच. म्हणून हुशार क्लब आधी खरेदी उरकतो आणि मग विक्रीवर सही करतो. न्यूकॅसलने तेच केलं. स्टुटगार्टकडून निक वोल्टेमाडं ऑगस्टच्या अखेरीस आला, ब्रेंटफर्डचा योआन विसा शेवटच्या दिवशी. बातम्यांतले आकडे धरले तर दोघांचे मिळून जवळपास १२ कोटी पौंड होतात. आता ११ आणि १२.५ यांतला फरक पुन्हा बघा. ११ कोटींत हे दोघे बसत नव्हते.

१९ ऑगस्टला इसाकने समाजमाध्यमावर लिहिलं की मला दिलेली वचनं मोडली गेली. त्यावर क्लबने जे निवेदन काढलं, ते परत वाचा. या उन्हाळ्यात जाता येईल असं वचन कुणीही दिलेलं नाही, हे तर त्यात होतंच. पण विक्रीच्या अटी या उन्हाळ्यात पूर्ण झालेल्या नाहीत आणि होतील असं दिसत नाही, असंही होतं. अटी होत्या, याचा अर्थ दार पूर्ण बंद नव्हतं. माझ्या मते त्या निवेदनाचा खरा वाचक लिव्हरपूल होता.

शिट्टी

हा विषय शिकायचा असेल तर ब्रायटनचा अभ्यास करा. जवळचा खेळाडू सोडताना त्यांच्याइतकं शांत डोकं मी दुसऱ्या क्लबचं पाहिलेलं नाही.

मोइसेस कैसेदो. २०२१ च्या सुरुवातीला इक्वेडोरच्या इंडिपेंडिएंते देल वाये क्लबकडून साधारण ४५ लाख पौंडांना घेतलेला. जानेवारी २०२३ मध्ये आर्सेनलने आधी ६ कोटी, मग ॲड-ऑन (ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या तरच द्यायची जादा रक्कम) धरून ७ कोटी देऊ केले. कैसेदोने जाहीर पत्र लिहून मला जाऊ द्या म्हणून विनवलं. ब्रायटनने त्याला सांगितलं, खिडकी बंद होईपर्यंत सरावाला येऊ नकोस. आर्सेनलने शेवटी चेल्सीचा जॉर्जिन्यो घेतला.

इथपर्यंत कुठलाही हट्टी क्लब येऊ शकतो. खरी कसोटी पुढे होती. नाराज खेळाडूला त्यांनी कोपऱ्यात ढकललं नाही. मार्चमध्ये त्याच्याशी नवा करार केला, पगार वाढवला आणि मुदत २०२५ वरून २०२७ वर नेली, वर एक वर्ष वाढवायचा पर्याय. लोकांना वाटलं तो थांबला. प्रत्यक्षात दोघांचंही काम झालं होतं: खेळाडूला लगेच जास्त पैसे मिळाले आणि क्लबला पुढच्या सौद्यासाठी वेळ. मोसमात ब्रायटन सहावा आला आणि इतिहासात प्रथमच युरोपात पोहोचला.

ऑगस्ट २०२३ मध्ये चेल्सीच्या एकामागून एक बोली ब्रायटनने परत पाठवल्या. मग लिव्हरपूल ११.१ कोटींवर तयार झालं, पण कैसेदोला चेल्सीच हवी होती. शेवटी चेल्सीने १० कोटी अधिक दीड कोटी ॲड-ऑन मोजले. सात महिन्यांपूर्वी ७ कोटींना गेला असता तो हा खेळाडू. यात एक गोष्ट नीट बघा. दुसरा गिऱ्हाईक उभा राहिल्याशिवाय चेल्सी त्या आकड्यावर आली नाही. क्लबचा नकार ऐकून बोली थोडी वर सरकते. मोठी उडी मारायला समोर प्रतिस्पर्धी लागतो.

इसाकच्या बाबतीत तो प्रतिस्पर्धी नव्हता. त्याला जायचं होतं ते लिव्हरपूललाच. तरी १२.५ कोटी काढले, म्हणजे न्यूकॅसल चांगलं लढलं असंच मी म्हणेन.

हिशेबनीस

वर खेळाची बाजू आली आहे, मी वहीची बाजू सांगतो.

न्यूकॅसलने २०२२ मध्ये इसाकला साधारण ६ कोटींना घेतलं, सहा वर्षांच्या करारावर. हिशेबात ही किंमत करारभर समान विभागतात, दर वर्षी १ कोटी. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत ३ कोटी उरली. १२.५ कोटींना विकल्यावर ढोबळमानाने साडेनऊ कोटी नफा एकाच वर्षात दिसतो. प्रीमियर लीगच्या नियमात तीन वर्षांत मिळून १०.५ कोटींपेक्षा जास्त तोटा चालत नसे, त्यामुळे असा नफा क्लबला फार मोलाचा. मालक सौदी गुंतवणूक निधी असला तरी या नियमातून सुटका नव्हती.

क्लबमध्येच घडलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य, म्हणून त्याची सगळी रक्कम नफा. तुम्हाला २०२४ चा जून आठवत असेल. ३० जूनला हिशेबाचं वर्ष संपत होतं आणि तोट्याची मर्यादा सांभाळायला त्याआधी न्यूकॅसलने एलियट अँडरसन नॉटिंगहॅम फॉरेस्टला आणि याँकुबा मिंटेह ब्रायटनला दिला. अँडरसन तिथलाच मुलगा, लहानपणापासून याच क्लबचा. त्याला सोडायची कुणाची इच्छा नव्हती. पण तारीख डोक्यावर असलेला विक्रेता घासाघीस करू शकत नाही, आणि गिऱ्हाइकाला ती तारीख ठाऊक असते. मला इसाकपेक्षा ती विक्री जास्त लागली.

त्यामुळे २०२५ मध्ये न्यूकॅसल महिनाभर नाही म्हणू शकलं, यामागे आधीच्या वर्षी भोगलेलं होतं. या वेळी ३० जूनची टांगती तलवार नव्हती.

आणखी एक, एकूण आकड्याइतकेच हप्ते महत्त्वाचे. डेक्लन राइसच्या वेळी (जुलै २०२३, १० कोटी अधिक ५० लाख) वेस्ट हॅम आणि आर्सेनल यांच्यात ओढाताण फक्त रकमेवरून नव्हती, पैसे किती लवकर यायचे यावरूनही होती. तिथे मँचेस्टर सिटीचीही बोली आली होती, हे शिट्टी यांच्या मुद्द्याला धरूनच.

टाइनकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मिडफिल्डर, दोघांचे मिळून १२ कोटी हा हिशोब माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता तो महिना वेगळा दिसायला लागला.

पण माझा दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. करार असताना खेळाडू खेळायला नकार देतो, हे कायद्यात बसतं का? क्लब काहीच करू शकत नाही?

मिडफिल्डर

करता येतं, पण उपयोग थोडा. इंग्लंडमध्ये दंड साधारण दोन आठवड्यांच्या पगाराएवढा. करार मोडून टाकावा, तर जी १२ कोटींची वस्तू सांभाळायची तीच हातातून जाते. कोर्टकचेरी करावी, तर खेळाडूची बाजारातली किंमत रोज घसरते.

खेळाडूच्या बाजूनेही मोकळं रान नाही. फिफाच्या नियमात वय २८ च्या आत केलेल्या करारात पहिली तीन वर्षं संरक्षित असतात. त्या काळात सबळ कारणाशिवाय करार मोडला, तर भरपाई आणि शिवाय खेळण्यावर बंदी येऊ शकते. म्हणून खेळाडू सहसा करार मोडत नाहीत, दबाव आणतात.

आणि करार संपत आला की पारडं पूर्ण फिरतं. १९९५ च्या बॉसमन निकालानंतर मुदत संपलेला खेळाडू फुकट जातो, शेवटच्या सहा महिन्यांत परदेशी क्लबशी बोलणी करून पुढची सहीही करतो. लेवांडोव्स्की २०१४ मध्ये डॉर्टमुंडहून बायर्नला गेला, डॉर्टमुंडला एक छदाम मिळाला नाही. हॅरी केनचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये करार तीन वर्षांचा शिल्लक, टॉटनमचे तेव्हाचे अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांनी मँचेस्टर सिटीला दाद दिली नाही. २०२३ मध्ये एकच वर्ष उरलं, केन तिशीत पोहोचला होता, तेव्हा बायर्नला साधारण १० कोटी युरोंना सोडला. लेव्हींचा स्वभाव काही बदलला नव्हता. कराराची वर्षं संपत आली होती.

म्हणून इसाकला अजून एक वर्ष बळेच ठेवणं परवडलं असतं का? दोन वर्षं उरल्यावर भाव खाली आला असता, शिवाय मनाविरुद्ध थांबलेला फॉरवर्ड. माझं प्रामाणिक मत, क्लबने योग्य वेळी सोडला.

शिट्टी

थोडं वेगळं मत मांडतो. मनाविरुद्ध थांबलेला खेळाडू वाईटच खेळतो असं नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात लुईस सुआरेझला लिव्हरपूल सोडायचं होतं. आर्सेनलने ४ कोटी आणि वर एक पौंड अशी बोली लावली, कारण करारातल्या कलमाबद्दल त्यांचा तसा समज होता. लिव्हरपूलने ठाम नकार दिला. सुआरेझने त्या मोसमात लीगमध्ये ३१ गोल केले, मधेच नवा करार केला, आणि २०१४ मध्ये बार्सिलोनाने त्याहून कितीतरी जास्त मोजले. मात्र नकार पचवायला कर्णधार, प्रशिक्षक आणि तो खेळाडू या तिघांत संवाद लागतो. न्यूकॅसलमध्ये तो ऑगस्टपर्यंत संपला होता.

टाइनकाठ

मग शेवटचं विचारतो. तोंडी वचनावरून एवढं रामायण होतं, तर क्लब करारातच किंमत लिहून का ठेवत नाहीत? म्हणजे रिलीज क्लॉज.

हिशेबनीस

लिहिली की तीच कमाल किंमत होते. ब्रायटनचंच बघा. कैसेदो ११.५ कोटींपर्यंत गेला त्याच उन्हाळ्यात विश्वविजेता ॲलेक्सिस मॅकॲलिस्टर लिव्हरपूलला साधारण साडेतीन कोटींना गेला, कारण त्याच्या करारात क्लॉज असल्याचं सांगितलं गेलं. स्पेनमध्ये करार विकत घेऊन मोकळं होण्याची तरतूद कायद्यातच आहे, म्हणून तिथे आकडे आवाक्याबाहेरचे लिहितात. तरी २०१७ मध्ये नेमारसाठी पॅरिसच्या पीएसजी क्लबने २२.२ कोटी युरो भरले आणि बार्सिलोनाला थांबवता आलं नाही.

पण चांगल्या क्लॉजचं उदाहरण तुमच्याच क्लबात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रुनो गिमाराईशने न्यूकॅसलशी २०२८ पर्यंतचा करार केला. त्यात १० कोटी पौंडांचा क्लॉज होता, पण तो लागू होता फक्त २०२४ च्या मे अखेरपासून जून अखेरपर्यंत. कुणी नेलाच असता, तर पैसे ३० जूनच्या आत वहीत आले असते आणि बदली खेळाडू शोधायला पुरे दोन महिने मिळाले असते. कुणी १० कोटी भरले नाहीत, मुदत संपली, ब्रुनो राहिला आणि पुढच्या मार्चमध्ये वेम्ब्लीवर कप त्यानेच उचलला. इसाकच्या करारात असं काही नव्हतं.