शब्दचर्चा : दीर्घिकांचा ‘पेक्युलियर’ वेग मराठीत कसा लिहावा?

प्रश्न : दीर्घिकांची अंतरं काढून आसपासच्या विश्वातल्या वस्तुमानाचा नकाशा करतात, त्यावर लिहितोय. ‘पेक्युलियर व्हेलॉसिटी’ला ‘विशिष्ट वेग’ चालेल का?

— नको. ‘विशिष्ट उष्णता’ म्हटलं की दर एकक वस्तुमानामागे, हे डोक्यात बसलेलं असतं. ‘विचित्र’चा तर प्रश्नच नाही. एकूण दूर जाण्याच्या वेगातून प्रसरणाचा वाटा वजा केला की उरतो तो दीर्घिकेचा स्वतःचा वेग. ‘स्वकीय वेग’ लिहा.

— ‘निजवेग’ सुटसुटीत आहे की.

— आहे, पण ‘निजगती’ ताऱ्यांच्या आडव्या, कोनीय सरकण्यासाठी रूढ आहे आणि ती दर वर्षाला किती आर्कसेकंद (अंशाचा 3,600वा भाग) अशी सांगतात. स्वकीय वेगाचा आपल्याला कळणारा भाग दृष्टिरेषेवरचाच असतो आणि तो किमी/सेकंदात असतो.

— आकडे घालून सांगा, नाहीतर वाचक शब्दातच अडकतो. रेडशिफ्टवरून, म्हणजे प्रकाश लाल बाजूला किती सरकला त्यावरून, वेग आला 7,500 किमी/सेकंद. अंतर निघालं 96 मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे 32.6 लाख प्रकाशवर्षं). हबल स्थिरांक, म्हणजे दर मेगापार्सेकमागे प्रसरणाचा वेग, 75 किमी/सेकंद धरला तर प्रसरणाचे 7,200 आणि स्वकीय 300. आता खरी अडचण. टली-फिशर पद्धतीत (सर्पिल दीर्घिका किती वेगाने फिरते त्यावरून तिचं खरं तेज आणि त्यावरून अंतर) एका दीर्घिकेच्या अंतरात सुमारे 20 टक्के चूक असते, म्हणजे इथे जवळजवळ 1,450 किमी/सेकंद! एकट्या दीर्घिकेचा आकडा त्यामुळे निरुपयोगी. शंभरांची सरासरी घेतली तर ती चूक 145वर येते.

— म्हणूनच ‘अंतर मोजलं’पेक्षा ‘अंतर काढलं’ बरं. सर्पिल दीर्घिकेतल्या हायड्रोजनच्या 21 सेंमी रेषेची रुंदी रेडिओ दुर्बिणीने घेतात (फिरण्याचा वेग जास्त तितकी ती रुंद), ती कलाच्या, म्हणजे तबकडी किती तिरकी दिसते त्या कोनाच्या, साइनने भागतात, त्यावरून निरपेक्ष प्रत (खऱ्या तेजाचं माप) आणि दिसणाऱ्या प्रतीशी तुलना करून अंतर. कल 45 अंशांहून कमी, म्हणजे दीर्घिका आपल्याकडे तोंड करून असेल, तर ती सहसा वगळतात, कारण कलातली छोटी चूक रुंदीत मोठी होते. धुळीचा त्रास टाळायला प्रत अवरक्तात घेतलेली बरी.

— ‘± 20 टक्के’ मात्र लिहू नका. चूक प्रतीत समान असते, अंतरात नाही. 0.4 प्रत इकडेतिकडे झाली की 100 मेगापार्सेकचे 120 होतात किंवा 83. वरची बाजू लांब असल्यामुळे वेग ऋण बाजूला ओढले जातात आणि सगळं आपल्याकडे येतंय असा भास होतो. हिशोब लॉगमध्ये करतात तो यासाठी. हबल स्थिरांकही त्याच अंतरमालिकेतून काढलेला हवा. तो कमी धरला तर उलट सगळं पळताना दिसतं.

— ‘वस्तुमानाचा नकाशा’ला पर्याय म्हणून ‘दीर्घिकांचा नकाशा’ वापरतात, ते चूक. वेग गुरुत्वामुळे येतात, त्यामुळे न दिसणारं कृष्णद्रव्यही धरलं जातं. 2014 साली लानिआकेआची, म्हणजे आपली आकाशगंगा ज्यात आहे त्या महासमूहाची, सीमा आखली ती वेगांच्या प्रवाहांवरून: प्रवाह जिथे वेगळे होतात ती रेषा. नदीखोऱ्याचा पाणलोट ठरवतात तसंच, म्हणून ‘पाणलोट’ हा शब्द मला इथे फार चपखल वाटतो. ‘महासमूह’ लिहिलात तरी ही व्याख्या एकदा द्या, कारण तो गुरुत्वाने बांधलेला नाही आणि प्रसरणात विखुरणार आहे.

— आणि ‘झोन ऑफ अव्हॉइडन्स’?

— ‘झाकलेला पट्टा’. आकाशगंगेच्या धुळीमुळे तिकडच्या दीर्घिका दृश्य प्रकाशात हाती लागत नाहीत. ‘निषिद्ध’ नको, रेडिओत तिथे निरीक्षणं होतातच.