‘सहा चालींत मात’: पाचांत होत नाही हे सिद्ध कसं करायचं?

कृष्णाकाठ, सांगली
रविवारच्या वर्गात मुलांना द्यायला एक कोडं काढलंय. पटावर १७ मोहरे, पांढऱ्याची चाल, सहा चालींत मात. स्टॉकफिश (बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम) आधी ८ दाखवत होतं, मग ७, रात्रभर ठेवल्यावर ६ वर थांबलं. ‘गो मेट ५’ (पाच चालींत मात शोध) ही आज्ञा देऊनही काही मिळालं नाही. मग सहाच सर्वांत कमी, असं छातीठोक सांगता येईल का?

घोडा_एफ३
नाही. ६ दाखवलं म्हणजे सहांत मात आहे, इतकंच. वेग मिळवायला ते बिनकामाच्या वाटणाऱ्या चाली वरवर बघून सोडून देतं, आणि कोड्यातली पहिली चाल बहुतेकदा तशीच असते: शह नाही, मारामारी नाही, हत्ती गुपचूप एक घर सरकतो. ‘गो मेट ५’ने ही छाटणी बंद होत नाही. मात सापडली की थांब, एवढाच त्याचा अर्थ.

सिद्धता म्हणजे काय ते छोट्या पटावर मांडून बघा. पांढरा राजा एफ६, हत्ती ए१. काळा राजा जी८. पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात.

एका चालीत होत नाही हे आधी. पांढऱ्याच्या कायदेशीर चाली २० (हत्तीच्या १४, राजाच्या ६). शह देणाऱ्या दोनच: हत्ती ए८ आणि हत्ती जी१. दोन्हींना राजा एच७ ला निसटतो. संपलं.

आता १. हत्ती एच१! काळ्याला एकच चाल, राजा एफ८, २. हत्ती एच८ मात. दुसरी कुठलीच पहिली चाल चालत नाही: उरलेल्या १९ पैकी १७ चालींना राजा एच७ हे एकच उत्तर पुरतं. १. राजा जी६ ला राजा एफ८. आणि १. हत्ती ए७ ही फसवी चाल: राजा एफ८ खेळला तर हत्ती ए८ मात, पण राजा एच८ खेळला की मात नाही. मुलं इथेच अडकतात, म्हणून ही जरूर दाखवा.

म्हणजे ‘मात आहे’ दाखवताना पांढऱ्याची एक चाल आणि काळ्याच्या सगळ्या. ‘मात नाही’ दाखवताना पांढऱ्याच्या सगळ्या आणि काळ्याचं एक उत्तर. दर वेळी ३५ चाली धरल्या तर पाच चालींना ३५ चा पाचवा घात, साधारण सव्वापाच कोटी. शेवटच्या चालीला फक्त शह तपासायचे असल्यामुळे प्रत्यक्षात बरेच कमी. पण हा आकडा काळ्याचं अचूक उत्तर दर वेळी पहिल्याच फटक्यात सापडलं तर. नाही तर काम कित्येक पट वाढतं.

तिरका_उंट
यासाठी पॉपाय हा कोडी सोडवणारा प्रोग्राम वापरा, फुकट आहे आणि छाटणी न करता सगळं तपासतं. स्टिप्युलेशन (काय शोधायचं ते) #५, म्हणजे पाच चालींत मात, असं द्या. ‘मॅक्सथ्रेट’, ‘मॅक्सफ्लाइटस्क्वेअर्स’, ‘नॉनट्रिव्हियल’ हे पर्याय चुकूनही लावू नका. ते शोध आखूड करतात, मग ‘उत्तर नाही’ याला सिद्धता म्हणता येत नाही. शेवटी ‘सोल्यूशन फिनिश्ड’ आलं पाहिजे. ‘पार्शल सोल्यूशन’ आलं तर काम अर्धवट राहिलंय.

त्यानंतर #६ पण चालवा. दुसरी एखादी पहिली चाल निघाली तर कोडं ‘कुक’ झालं, म्हणजे सदोष ठरलं, मग ते वर्गात देऊ नका. सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात मुलांपुढे सदोष कोडं जायला नको.

कृष्णाकाठ, सांगली
पांढरा राजा ई१, हत्ती एच१ वर आहे. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) धरायचं का?

घोडा_एफ३
धरायचं. कोड्यांत कॅसलिंग अशक्य आहे हे सिद्ध होत नाही तोवर ते चालतं. आँ पासाँचं (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने लगेच मारणं) उलट: काळ्याची शेवटची चाल त्या प्याद्याची दोन घरांचीच होती हे सिद्ध झालं तरच. एफईएनमध्ये (प्रोग्रामला पटाची मांडणी सांगणारी ओळ) कॅसलिंगच्या जागी नुसती आडवी रेघ राहिली असेल तर स्टॉकफिशने कॅसलिंग धरलेलंच नाही, म्हणजे तुमचा रात्रभरचा शोध वेगळ्याच पटाचा झाला. तिथे मोठा के टाका आणि पुन्हा सुरू करा.