परदेशात सैन्य पाठवल्याचा खर्च कसा काढायचा?

खानापूरची शिक्षिका
नमस्कार. खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. नववीतल्या एका मुलीला वक्तृत्व स्पर्धेत ‘परक्या देशात सैन्य पाठवण्याची किंमत’ हा विषय आलाय. तिने १९८७ ते १९९० मध्ये भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेचं उदाहरण घेतलंय, कारण तिच्या गावातले दोघं तिकडं गेले होते. ‘बाई, एकूण पैसे किती गेले?’ असं विचारते. जिथं बघावं तिथं वेगळा आकडा. बेरीज कुठून धरायची आणि कुठं थांबवायची, कुणी सांगाल का?

येळ्ळूरचा सुभेदार
बाई, नमस्कार. मी मराठा रेजिमेंटमध्ये क्लार्क होतो. त्या वर्षांत पलटणीच्या ऑफिसात भत्त्यांचे कागद माझ्याच टेबलावरून जायचे, म्हणून लिहितो.

आकडे वेगळे येतात, कारण प्रत्येकजण वेगळं मोजतो. जवान बेळगावच्या बॅरेकीत राहिला असता तरी त्याला पगार मिळालाच असता. तो मोहिमेवर टाकला की आकडा उगाच फुगतो. मोहीम नसती तर जो पैसा गेलाच नसता, तेवढाच धरा. मद्रासहून जाणारी जहाजं, तिकडच्या पलाली विमानतळावर उतरणारी विमानं, डिझेल, दारूगोळा, जादा भत्ते.

आता सुटणारी गोष्ट सांगतो. गाड्यांची झीज. इथं दहा वर्षं चालली असती ती लष्कराची शक्तिमान ट्रक तिकडं दोन-तीन वर्षांत भंगारला आली, तर नवी गाडी पुढच्या कुठल्यातरी बजेटात येते. त्या ओळीवर श्रीलंका असं कुणी लिहीत नाही.

आणखी एक. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत जवानामागे ठरावीक दराने डॉलर सरकारला परत मिळतात. ही मोहीम तशी नव्हती. जुलै १९८७ चा करार आपला आणि श्रीलंकेचा, म्हणून भरपाई नाही. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेला सुमारे ६१ अब्ज डॉलर लागले, त्यातले ५० अब्जांहून जास्त सौदी, कुवेत, जपान, जर्मनी अशा देशांनी भरले. म्हणजे ‘खर्च किती’ याच्या शेजारी ‘कुणाच्या खिशातून’ हेही विचारायला लावा पोरीला.

आपले सुमारे १२०० जवान तिकडं गेले ते परतलेच नाहीत. त्यांची रुपयांत किंमत लावू नका. ती ओळ वेगळीच ठेवा.

कडोलीची लेक
सुभेदार काका, तुमच्या बेरजेत आमचं घर राहिलं.

माझे बाबा श्रीलंकेत जाफन्याजवळ सुरुंगावर सापडले. डावा पाय गुडघ्याखालून गेला. मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान परत आले, मोहीम संपली. बाबांना अपंगत्वाची पेन्शन आजही येते. वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो, १९९६, २००६, २०१६ प्रत्येक वेतन आयोगाने ती वाढवली. पाय झिजला की पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात जायचं. मागच्या वेळी नव्या पायाचा पट्टा मांडीला घासायचा, तेव्हा आईने जुन्या नऊवारीची घडी करून आत घातली. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला मीच भरते. बाबांच्या माघारी आईला कुटुंब निवृत्तिवेतन लागेल.

तक्रार म्हणून सांगत नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण १९९० ला रेघ मारून बेरीज केली तर ती चुकीची आहे. आणि आईने शेत विकलं नाही, पण तीस वर्षं एकटीने कसलं, ते कुठल्याच खात्यात नाही.

निपाणीचा मास्तर
ताई म्हणतात तेच अमेरिकेच्या इराक युद्धाच्या वेळी झालं. २००२ मध्ये व्हाइट हाउसचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी १०० ते २०० अब्ज डॉलर लागतील असा अंदाज दिला. तो फार मोठा म्हणून सरकारातल्यांनीच झिडकारला आणि वर्ष संपायच्या आत त्यांना पद सोडावं लागलं. २००८ मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्स या अभ्यासकांनी जखमी सैनिकांचा पुढचा औषधोपचार, पेन्शन, काढलेल्या कर्जाचं व्याज असं सगळं धरलं, तेव्हा आकडा ३००० अब्जांवर गेला. युद्ध तेच, मोजायची मुदत वेगळी.

खानापूरची शिक्षिका
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, पट्ट्याची गोष्ट मुलीला वाचून दाखवली तर चालेल का? नाव-गाव सांगणार नाही.

कडोलीची लेक
चालेल की. बाबांना विचारलं. म्हणाले, पोरीला सांग, डावा पाय, उजवा म्हणू नको.