मिनी आणि फोक्सवॅगन गोल्फच्या मधला दुवा: फियाट १२८

आजच्या छोट्या गाड्यांची मांडणी मिनी या ब्रिटिश गाडीने दिली, असं नेहमी म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे. १९५९च्या मिनीत इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने होतं, पण गिअरबॉक्स त्याच्या खाली, दोघांना एकच तेल. गिअरच्या दातांत घासलं जाणारं तेलच इंजिनात फिरायचं, त्यामुळे तेल वेळेवर बदलावंच लागे.

फियाटचे अभियंता दांते जिआकोसा यांनी गिअरबॉक्स इंजिनच्या शेजारी, एका रेषेत बसवला आणि तेल वेगळं केलं. आधी १९६४ला ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीवर प्रयोग, मग १९६९ला फियाट १२८. अशा मांडणीत डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) मध्यावर येत नाही, म्हणून तिथून चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही ड्राइव्हशाफ्टची लांबी वेगळी. हीच मांडणी आज घरोघरच्या हॅचबॅकमध्ये आहे.

१२८चं इंजिन फियाटचे इंजिन-अभियंता लांप्रेदी यांचं: १११६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) फक्त ५५.५ मिमी. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वर, दातेरी पट्ट्यावर चालणारा. स्टेपनी बॉनेटखाली, त्यामुळे डिकी पूर्ण मोकळी. मला हे फार आवडतं.

इंजिन आडवं, म्हणून रेडिएटरचा पंखा विजेवर. हायवेवर तापमानाचा काटा ठीक आणि ट्रॅफिकमध्ये चढतो, तर आधी पंखाच बघा. रेडिएटरवरच्या थर्मोस्विचच्या (पाणी तापलं की पंखा चालू करणारा स्विच) दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, मग मोटर तपासा. पण गाडी घेताना मात्र पहिली नजर पत्र्याच्या गंजावर हवी, इंजिनावर नंतर.